सहा रविवार आणि एक जुना संगणक

विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार असल्याची सूचना आमच्या घरच्या संगणकावर वर्षभर अधूनमधून येत होती आणि आई ती दर वेळी निमूटपणे बंद करत होती. ऑगस्टच्या अखेरीस तिने फोनवर सहज विचारले, “हे चौदा तारखेनंतर बंद पडणार का गं?” तेव्हा कुठे मी लक्ष घातले. संगणक २०१४ साली बाबांनी घेतलेला, २०१६ मध्ये मोफत मिळाली म्हणून त्यावर विंडोज १० आलेली. पीसी हेल्थ चेक हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवला तेव्हा उत्तर स्वच्छ नकारार्थी आले: प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ चालणार नाही.

ज्यांच्यावर हीच वेळ आली असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवते की त्या तारखेला संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या यायच्या तेवढ्या थांबतात, आणि घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढही घेता येते. आमच्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र कधीचीच कुरकुरत होती, त्यामुळे नवा संगणक घ्यायचा आणि जुन्यावरचे सारे त्यावर हलवायचे असे ठरले.

एरवी मी हे काम एका संध्याकाळी उरकले असते आणि पुढची दोन वर्षे “माझं ते कुठे गेलं?” या प्रश्नाला फोनवरून उत्तरे देत बसले असते. यापूर्वी दोनदा तसेच झाले होते. म्हणून या खेपेला एकच नियम केला: मी खुर्चीत बसायचे नाही. माऊस आईच्या नाहीतर भाच्याच्या हातात राहील आणि मी बाजूच्या स्टुलावर बसेन. आई बहात्तर वर्षांची, भाचा सतरा वर्षांचा आणि मी सत्तेचाळीस. हाताशी सहा रविवार होते.

७ सप्टेंबरला संगणक सुरूच केला नाही. तिघांनी तीन कागद घेतले आणि या संगणकात आपले काय काय आहे ते लिहिले. आईच्या कागदावर पाच नोंदी होत्या, आणि प्रत्येकीसमोर तिच्या वहीतला एकेक मार्ग होता. ही वही बाबा गेल्यानंतर तिने स्वतःच सुरू केलेली. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते: “निळ्या चौकोनावर दोनदा टकटक. थांबणे. पांढरे पान येते. वर डावीकडे पहिला शब्द दाबणे. घाई करू नये.” वाचून हसू आले, पण थोड्या वेळाने ध्यानात आले की तो निळा चौकोन पडद्यावर दोन बोटे जरी सरकला तरी ही सगळी वही निकामी होते, आणि अशा वेळी आपलेच काही चुकले असे ती समजते. भाच्याच्या कागदावर फायलींऐवजी ॲपची नावे होती. माझा कागद सर्वांत लांब होता. फोल्डरांची नावे, वर्षे, सारे व्यवस्थित. पुढच्या रविवारी पडताळून पाहिले तेव्हा त्यातले तीन फोल्डर त्या संगणकात नव्हतेच.

१४ सप्टेंबरला शोधाशोध सुरू झाली आणि पहिल्या वीस मिनिटांतच आई गप्प झाली. बाबांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या टिपणांचा फोल्डर जागेवर नव्हता. तो दोन वर्षांपासून दिसत नाही, आपल्याकडूनच तो पुसला गेला असावा, म्हणून आपण कोणाला बोललो नाही, असे तिने सांगितले. दोन वर्षे हे ओझे तिने एकटीने वागवले होते आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

मी तिला दुसऱ्या कोणत्याही फोल्डरवर नेहमीसारखे दोनदा टकटक करायला सांगितले आणि पडद्याऐवजी तिच्या हाताकडे पाहत राहिले. पहिली टकटक बरोबर जागी पडली. दुसरीच्या वेळी बोट दाबलेले असतानाच मनगट किंचित उजवीकडे सरकले. संगणकाच्या लेखी ही डबल क्लिक नव्हतीच, फोल्डर उचलून शेजारी नेऊन टाकण्याची आज्ञा होती. आमच्या डोळ्यांदेखत तो फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडला. बाबांचा फोल्डरही असाच ‘प्रिंटर’ नावाच्या फोल्डरात जाऊन बसला होता आणि दोन वर्षे तिथेच सुखरूप होता.

यावरचे उपाय साधे आहेत, पण ते कोणीतरी दाखवावे लागतात. एकदाच क्लिक करून वस्तू निवडावी आणि मग एंटर दाबावा, म्हणजे डबल क्लिकची गरजच उरत नाही. माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. आणि काही चुकून सरकलेच तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. ही जोडी केवळ लिहिलेले मागे घेण्यासाठी असते असा माझाही समज होता. फोल्डर हलवला गेला असेल तर तोही तिने परत येतो. आईने ती जोडी पाच-सहा वेळा मुद्दाम करून पाहिली, फोल्डर चुकीच्या जागी टाकायचा आणि परत आणायचा, आणि नंतर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. त्या दिवसापासून तिची भीती जेवढी कमी झाली तेवढी माझ्या दहा वर्षांच्या “काही होत नाही गं, दाब” या धीर देण्याने झाली नव्हती. हाताच्या सरावासाठी तिने पत्त्यांचा सॉलिटेअर लावला. हा खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला आणि वस्तू पकडून ओढायची सवय नकळत असंख्य लोकांना त्यानेच लावली, त्यामुळे या अभ्यासक्रमाला परंपरा आहे म्हणायची.

भाच्याची गोष्ट वेगळी होती. त्याचा अंगठा फोनवर ज्या वेगाने चालतो तो वेग मला या जन्मी साधणार नाही. संगणकावर मात्र त्याच्या सर्व फायली ‘डाउनलोड्स’मध्ये एकावर एक पडलेल्या असतात, नावांपुढे कंसात आकडे असतात, आणि हवी ती फाईल तो शोधपट्टीत नाव टाकून काढतो. नाव आठवले नाही की नवी उतरवून घेतो. “ही फाईल कुठे आहे?” या माझ्या प्रश्नावर त्याने अगदी प्रामाणिकपणे उलट विचारले, “कुठे म्हणजे?”

त्याच आठवड्यात त्याला एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता. छायाचित्र जेपीजी प्रकारचे आणि ५० केबीच्या आत हवे होते. त्याच्या फोनने काढलेले छायाचित्र एचईआयसी प्रकारचे होते, तेव्हा त्याने फाईलच्या नावाचे शेपूट बदलून जेपीजी केले आणि काम झाले असे मानले. अर्जाने ते चार वेळा नाकारले. बरणीवरची चिठ्ठी बदलल्याने आतले पीठ बदलत नाही, हे त्याला पटायला अर्धा तास लागला, आणि आईला एका मिनिटात पटले. मग छायाचित्र चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’मधून खऱ्या अर्थाने जेपीजी करणे, लांबी-रुंदी कमी करणे आणि फाईलच्या गुणधर्मांत जाऊन आकार केबीत वाचणे असा क्रम त्याने स्वतः बसवला. तिसऱ्या खेपेला ४६ केबीचे छायाचित्र स्वीकारले गेले. अर्ज भरणाऱ्यांसाठी एक सूचना: फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत जाऊन फायलींची शेपटे दिसतील अशी निवड आधी करून घ्यावी. मुळात ती लपवलेली असतात, आणि निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

लहानपणापासून पडद्यासमोर वाढलेल्या मुलांना हे उपजतच येते, अशी समजूत ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द २००१ मध्ये रूढ झाल्यापासून फोफावली. आयसीआयएलएस ही आंतरराष्ट्रीय चाचणी प्रामुख्याने आठवीच्या विद्यार्थ्यांची संगणक-कौशल्ये तपासते, आणि तिच्या २०१८ च्या फेरीत सर्वांत वरच्या पातळीवर दोनच टक्के विद्यार्थी पोचले होते. माझ्या भाच्याचा यात काही दोष आहे असे मला वाटत नाही. फोनने त्याच्यापासून फोल्डर लपवून ठेवले, शाळेने ते त्याला येतच असतील असे धरले, आणि आम्ही घरच्यांनी त्याचा अंगठा पाहून कौतुक केले.

२१ सप्टेंबरचा रविवार कागदपत्रांत गेला, म्हणजे खात्यांत. आईच्या ईमेल खात्याचा पासवर्ड वहीत होता, परंतु खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक बाबांचा होता आणि तो केव्हाच बंद झाला होता. नव्या संगणकावर प्रवेश करताना त्याच क्रमांकावर संकेतांक जाणार होता. क्रमांक बदलण्याची विनंती केली तेव्हा उत्तर आले की आधीच्या क्रमांकावर खात्री करून देता येत नसेल तर तीस दिवस थांबावे लागेल. म्हणजे २१ ऑक्टोबर, आमच्या मुदतीनंतर एक आठवड्याने. विनवणी करायला तिथे माणूस नव्हता. रागावून उपयोगही नव्हता, कारण क्रमांक सहज बदलण्याची सोय चोराच्या कामी येऊ नये म्हणूनच ती मुदत ठेवलेली असते. तुमच्या घरातील ज्येष्ठांचे एखादे खाते असेल तर संगणक बदलण्याची वाट न पाहता आजच त्यातला पर्यायी क्रमांक तपासावा, एवढे कळकळीने सांगते. आमचे जुन्या संगणकावरचे प्रवेश चालू होते म्हणून महिना निभावला. तो संगणक त्याआधी बंद पडला असता तर काय झाले असते, याचा विचार मी रात्री बराच वेळ करत होते.

चौथ्या रविवारी, २८ सप्टेंबरला, नक्कल करण्याचे काम काढले आणि त्या दिवशी उघडे पडण्याची पाळी माझी होती. बाह्य हार्ड डिस्क जोडली, ११८ जीबीची नक्कल सुरू केली, आणि उरलेला वेळ कधी चार तास, कधी अकरा मिनिटे, पुन्हा दोन तास असा दिसू लागला. त्या आकड्याकडे पाहू नये; हजारो लहान फायली आल्या की वेग पडतो आणि अंदाज कोलमडतो. भाच्याने संगणकाच्या मागच्या बाजूला वाकून निळ्या रंगाचे यूएसबीचे तोंड शोधून काढले, जे पुढच्या काळ्या तोंडापेक्षा बरेच वेगवान असते, आणि काम तासाभरात संपले. अकरा वर्षे मी पुढचेच तोंड वापरत होते.

नक्कल चालू असताना जागा मोकळी करावी म्हणून मी माझ्या छायाचित्रांचा एक फोल्डर संगणकावरून पुसला. तो क्लाउडवर आहे, तेव्हा तो माझा बॅकअपच आहे, असा माझा हिशेब होता. दहा मिनिटांनी फोनमध्ये पाहिले तर तिथूनही तो गेलेला. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखेच ठेवणे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. हे वाक्य मी कार्यालयातल्या नव्या मुलांना स्वतः सांगितलेले आहे आणि तरीही मी ते केले. संकेतस्थळावरच्या कचरापेटीत फोल्डर तीस दिवस राहतो, तिथून तो परत आणला. आई तेव्हा काहीच बोलली नाही, फक्त वही माझ्यापुढे सरकवली, पहिले पान उघडून. त्यानंतर तीन नकलांचा ऐकत आलेला पण कधीही न पाळलेला नियम घरात लागू झाला: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची डिस्क बहिणीकडे असते.

५ ऑक्टोबरला नवा संगणक मांडला. त्यावर आईने सर्वप्रथम बाबांचा फोल्डर आणला, त्यातली पहिली फाईल निवडली, एंटर दाबला, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा खच उभा राहिला. एकशे बेचाळीस पाने, सगळी तशीच. तिचा चेहरा उतरला. या वेळी मात्र मला कारण ठाऊक होते. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, १९९१ पासून स्थान आहे, पण ते घरोघरी पोचायला फार उशीर झाला, आणि बाबा शेवटपर्यंत जुन्या मराठी फाँटमध्येच लिहीत राहिले. त्या पद्धतीत फाईलमध्ये साठतात ती रोमन अक्षरांचीच चिन्हे. फाँट त्यांना फक्त मराठीचा पोशाख चढवतो. नव्या संगणकावर तो पोशाख नव्हता. जुन्या संगणकातून फाँटची फाईल आणून बसवल्याबरोबर बाबांचे मराठी जसेच्या तसे उभे राहिले.

परंतु फाँटवर विसंबून पुढची वीस वर्षे काढता येणार नाहीत, म्हणून मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये घेतला. आणि इथे आईची शाळा सुरू झाली. ती मराठीची शिक्षिका होती. निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली तरी तिची नजर शाबूत आहे. ‘स्थिती’चे ‘सि्थती’ झाले होते, कारण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि जोडाक्षर आले की रूपांतरक ती चुकीच्या जागी उतरवतो. रफाराची तीच गत. ‘वर्ष’चे सगळीकडे ‘वषर्’. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’. आईने चुकांचे प्रकार वहीत लिहिले आणि भाच्याने कंट्रोल आणि एच दाबून शोधा-आणि-बदला ही खिडकी उघडली. ‘वषर्’ एका फटक्यात दुरुस्त झाले. हुरूप येऊन त्याने ‘र्या’च्या जागी सगळीकडे ‘ऱ्या’ घातले आणि ‘सर्व बदला’ दाबले.

“अरे थांब,” आई म्हणाली, “आता ‘कार्यालया’चं काय झालं ते बघ.”

‘काऱ्यालय’ झाले होते. ‘पर्याय’ ‘पऱ्याय’ झाला होता, ‘मर्यादा’ ‘मऱ्यादा’. भाचा घाईघाईने खिडकी बंद करू लागला, तेव्हा बहात्तर वर्षांच्या आजीने त्याचा हात बाजूला करून शांतपणे कंट्रोल आणि झेड दाबले. त्यानंतर ‘सर्व बदला’ बंद आणि एकेक शब्द पाहून होकार देणे सुरू. हा भाग कंटाळवाणा असतो आणि त्याला पर्याय नसतो. या कामासाठी आईने इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला घेतला, कारण उच्चारानुसार टंकताना रोमनमधून विचार करावा लागतो, तो तिला जमेना. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, हे तिला बाराखडीइतके सरळ वाटले. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. भाचा अजून उच्चारानुसारच टंकतो, आणि तिच्यापेक्षा पुष्कळ वेगाने. शुद्धलेखन मात्र तिला विचारतो.

१२ ऑक्टोबरचा सहावा रविवार पडताळणीचा होता. पहिल्या दिवशीचे तीन कागद काढून प्रत्येक नोंद नव्या संगणकावर उघडून पाहिली. नुसते नाव दिसणे पुरेसे नसते. फाईल उघडावी, शेवटच्या पानापर्यंत जावे. दोन छायाचित्रे अर्धी करडी निघाली. कुरकुरणाऱ्या डिस्कने आपला वाटा घेतला होता, आणि ती परत मिळाली नाहीत. त्याच दुपारी आईच्या पडद्यावर अचानक लाल चौकट पसरली, कर्कश आवाज सुरू झाला, संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर त्वरित फोन करा, असा मजकूर आला. मी आणि भाचा दोघेही स्वयंपाकघरात होतो. धावत येईपर्यंत आईने ऑल्ट आणि एफ४ दाबून ते बंद केले होते. ती चौकट म्हणजे पडदा व्यापून बसलेले एक साधे पान असते, ते बंद होते, आणि खरी सूचना कधी फोन नंबर देत नाही, हे आदल्या आठवड्यात सांगितलेले तिने वहीत लिहून ठेवले होते. भाच्याने त्यावर कबूल केले की गेल्या वर्षी अशाच एका खोट्या ‘डाउनलोड’ बटणाने त्याला फसवले होते आणि त्याने ते घरी सांगितले नव्हते.

१४ तारीख आली आणि गेली. काहीही झाले नाही. जुना संगणक आम्ही त्या तारखेनंतर इंटरनेटपासून तोडून ठेवला, फक्त ईमेलच्या कामापुरता जोडत होतो. २१ ऑक्टोबरला सकाळी नवा क्रमांक मान्य झाल्याचा संदेश आला, नव्या संगणकावर प्रवेश झाला, आणि २६ तारखेला जुनी डिस्क पूर्ण पुसली. खर्च सांगायचा तर नव्या संगणकाव्यतिरिक्त दोन बाह्य डिस्कांचा, आणि माझ्या हिशेबाने तिघांचे मिळून साठ-सत्तर तास. एकटीने केले असते तर चार तास लागले असते.

भाच्याचे ‘डाउनलोड्स’ पुन्हा भरू लागले आहे, पण अर्जांचा फोल्डर त्याने वेगळा ठेवला आहे. आईने जुनी वही बाजूला ठेवून नवी केली. तिच्यात मार्गांऐवजी जागा लिहिलेल्या आहेत: कोणती वस्तू कोणत्या फोल्डरात, तिच्या प्रती कुठे. टिपणांची एकशे अठरा पाने तपासून झाली आहेत. उरलेल्या चोवीस पानांत काही ठिकाणी मूळ फाईलमध्येच बाबांनी शब्द अर्धे सोडले आहेत, आणि तिथे ती काही न भरता पिवळी खूण करून पुढे जाते.